घोडीशिवायची धाव

रखमाजींना चालताना मागे वळून पाहण्याची सवय आहे. बाजारात, लग्नाच्या मांडवात, अगदी स्वतःच्या शेतात कांद्याला पाणी देत असतानाही त्यांची मान मधूनच डाव्या खांद्यावरून मागे जाते आणि पुन्हा सरळ होते. मागे कोणी आहे का, हे ते पाहत नाहीत. मागचा किती अंतरावर आहे, हे पाहतात. बेल्हे आणि आळे यांच्या दरम्यान असलेल्या त्यांच्या गावात या सवयीची उघड थट्टा होते आणि रखमाजी ती आनंदाने सोसतात, कारण त्यांच्या तारुण्यातून त्यांच्याकडे एवढेच उरले आहे. तरुणपणाची सारी वर्षे त्यांनी बैलगाड्यांच्या शर्यतीत गाड्यापुढची घोडी पळवली.

आमच्या भागातली शर्यत चढणीवर होते. यात्रेच्या दिवशी गावाबाहेरच्या आखलेल्या चढावर, ज्याला आम्ही घाट म्हणतो, एकेक गाडा सुटतो. गाड्यापुढे घोडी असते आणि घोडीवर स्वार. बैल पळतात ते घोडीला पाहून. प्रेक्षकांचे डोळे बैलांवर असतात आणि बक्षीस बैलांच्या मालकाला मिळते, पण स्वाराचे कसब ज्याला कळते त्याला ठाऊक असते की घोडी फार पुढे गेली तर बैलांचा हुरूप जातो आणि फार जवळ राहिली तर ती त्यांच्या पायांत येते. मधले नेमके अंतर राखायचे असेल तर स्वाराला भरधाव असतानाही मागे पाहत राहावे लागते. रखमाजी हे काम उत्तम करीत. दूरदूरच्या गाड्यांचे मालक त्यांना यात्रेच्या आदल्या दिवशीच घेऊन जात, जेवू घालत, आणि घाटावर त्यांचे नाव भोंग्यावरून पुकारले जाई.

एकदाच त्यांची फजिती झाली, आणि गावाने तीच लक्षात ठेवली. घाटाच्या कडेला लावलेला एक फ्लेक्स वाऱ्याने सुटून फडफडला, घोडी बुजली आणि आखलेली वाट सोडून रखमाजींसह थेट बाजूच्या हरभऱ्यात शिरली. खुराकावर पोसलेले, अंगाला तेल चोळलेले गाड्याचे चारही बैल चढाच्या मध्यावर हळू झाले आणि उभे राहिले. पुढे जायला त्यांना कोणी अडवले नव्हते. घाटमाथ्यावरचे निशाण समोर दिसत होते. पण घोडी दिसत नव्हती. त्यानंतर कितीतरी वर्षे रखमाजी पारावर आले की कोणीतरी गंभीर चेहऱ्याने म्हणे, “आबा, बैलं अजून तिथंच उभी हायेत. काय निरोप द्यायचा?”

गाव त्यांना आबा म्हणते, म्हणून त्यांची मुलगी आरोहीही त्यांना आबाच म्हणते.

या माणसाचा परिश्रमावर जो विश्वास आहे, त्याची जात समजून घेतल्याशिवाय पुढचे समजणार नाही. रखमाजी दहावीला नापास झाले. ज्या शाळेत ते शिकत होते तिथे त्या वर्षी गणिताला शिक्षक नव्हता. पण आपल्या अपयशाची ही बाजू त्यांनी कधी मान्य केली नाही. आपण अभ्यास केला नाही म्हणून नापास झालो, असे ते सरळ सांगतात. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नसतो. असलाच तर एक प्रकारचा समाधानाचा सूर असतो. ज्याला फार थोडे मिळालेले असते त्याला दोष स्वतःकडे घेणे सोयीचे वाटते. दोष आपला असेल तर तो सुधारणेही आपल्या हाती राहते, आणि जग निदान न्यायाने चालणारे ठरते. कष्ट केले की फळ मिळते, हे विधान म्हणूनच रखमाजींना शाळेच्या भिंतीवरचे वाक्य कधी वाटले नाही. ते त्यांचे जगाशी असलेले नाते होते.

शर्यतींवर बंदी आली तेव्हा हे नाते काही काळ निराधार झाले. घाटावर गवत वाढले. घोडीला नुसते बसवून खायला घालणे परवडेना, तेव्हा ती मंचरच्या एका वरातवाल्याला विकावी लागली. नवरदेवाला पाठीवर घेऊन बँडच्या मागे मुंगीच्या पावलाने चालणे तिच्या नशिबी आले. रखमाजी मंचरला कांदा घेऊन गेले की तिला भेटून येत. पुढे कोणी नसण्यापेक्षा पुढे बँड असणे तिला जास्त अपमानाचे वाटत असेल, असे ते एकदा घरी म्हणाले आणि त्यांची पत्नी निर्मला यांना हसू आवरेना.

याच काळात आरोही पळू लागली. शाळेच्या क्रीडादिनी ती मोठ्या वर्गातल्या मुलींच्याही पुढे राहिली. वृषाली मॅडम गणित शिकवत आणि खेळाचा तासही त्यांच्याकडेच असे. या मुलीचा दम मोठा आहे, तिला लांब पल्ल्याला उतरवू, असे त्यांनी घरी येऊन सांगितले. रखमाजींनी मुलीला समोर उभे केले आणि तिला एक वचन दिले. ते वचन या सगळ्या हकिकतीच्या मुळाशी आहे.

“तू नुसती पळ,” ते म्हणाले. “जेवढं पळशील तेवढं मिळंल. मिळालं न्हाई तर मला इचार.”

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून सराव सुरू झाला. सरावाला जागा कोणती, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. घाट मोकळा होता. पद्धत कोणती, हाही प्रश्न पडला नाही. ते मोटारसायकल घेऊन पुढे झाले आणि मुलगी मागे पळू लागली. मान डाव्या खांद्यावरून मागे जाई, अंतर पाहिले जाई, गाडीचा वेग कमीजास्त होई. मुलगी दमली की ते जरा जवळ येत, तिला बळ आले की जरा लांब जात. आपल्या आयुष्यात जे एकच काम त्यांना निर्दोष येत होते, ते सगळे त्यांनी मुलीच्या पुढे ओतले. उन्हाळ्यात आणि थंडीत, कांदा काढणीच्या धांदलीतही, हा सराव चुकला नाही. शेजारचे हौशीराम दूध घालायला जाताना हे दृश्य रोज पाहत आणि म्हणत, “आबा, पोरीला जरा पुढं जाऊ द्या की, राव. सारखा तुमचा धूर खातीया.” रखमाजींना हा विनोद वाटे.

घरात अभ्यासही याच रीतीने चाले. निर्मलाताई बारावीपर्यंत शिकलेल्या. संध्याकाळी त्या गाईड उघडून आरोहीच्या समोर बसत, नमुन्याचे उदाहरण मोठ्याने वाचत आणि मुलगी त्याखालची उदाहरणे त्याच चालीने सोडवीत जाई. तिचे अक्षर सुबक होते आणि ती कंटाळत नसे. वृषाली मॅडमनी एकदा बेल्ह्याच्या बाजारात भेटल्यावर सांगितले होते की आरोहीइतकी कष्टाळू मुलगी वर्गात नाही, पण ज्या उदाहरणासारखे दुसरे उदाहरण वर दिलेले नसते, तिथे ती पेन खाली ठेवते. रखमाजींनी हे ऐकून घेतले आणि सराव वाढवायचे कबूल केले.

आरोही नववीत असताना तालुक्याला पहिली आली आणि जिल्ह्याच्या स्पर्धेला गेली. शर्यत तीन हजार मीटरची होती आणि पहिली येईल तिचीच विभागासाठी निवड व्हायची होती. रखमाजी आदल्या दिवशीच इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्यांच्या आई ठकूबाई यांनी भैरवनाथाला नारळ बोलून ठेवला.

शर्यत सुरू झाली तेव्हा शिरूरकडची एक उंच मुलगी पुढे झाली आणि आरोही तिच्या मागे लागली. दोघींमधले अंतर फेरीमागून फेरी तेवढेच राहिले. कुंपणापाशी उभ्या असलेल्या रखमाजींना ते अंतर ओळखीचे वाटले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मग शेवटाकडे, फेऱ्या थोड्याच उरल्या असताना, त्या उंच मुलीने पोटाला हात लावला, ती वाकली आणि मार्गावरून बाजूला झाली. आरोहीच्या पुढे मोकळे मैदान पडले.

ती हळू झाली. थांबली नाही, पण जणू कोणाची तरी वाट पाहते आहे अशी पळू लागली. मागच्या एका मुलीने तिला गाठले, मग दुसरीने. त्या दोघी पुढे जाताच आरोहीने पुन्हा वेग धरला आणि त्यांच्या मागे, पूर्वीसारखेच सुरेख अंतर राखून, तिसरी आली. वृषाली मॅडम पाण्याची बाटली घेऊन धावत गेल्या, तेव्हा त्यांना दिसले की मुलीला धापही लागलेली नाही.

परतताना शाळेची जीप आळेफाट्यावर चहासाठी थांबली. संध्याकाळ होत आली होती आणि नाशिककडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. रखमाजींनी सगळ्या वाटेत एवढाच विचार केला होता की कष्ट कुठेतरी कमी पडले. उद्यापासून घाटाची आणखी एक फेरी वाढवायची, असे त्यांनी मुलीला सांगितले.

“आबा, मी दमले नव्हते,” आरोही म्हणाली.

“मग मागं का पडलीस?”

तिने चहाचा कप खाली ठेवला. “पुढं कुणीच नव्हतं,” ती म्हणाली. “किती जोरात पळायचं, ते कळंना.”

वृषाली मॅडम सांगतात की त्यानंतर घरी पोहोचेपर्यंत रखमाजींनी एकदाही मागे वळून पाहिले नाही.

घरी ठकूबाईंनी सगळे ऐकून घेतले. भैरवनाथाचा नारळ तिसऱ्या नंबरालाही फोडावा लागतो का, याचा त्या विचार करीत होत्या. तो विचार बाजूला ठेवून त्या मुलाला म्हणाल्या, “घोडी इकलीस आन् सोताच घोडी झालास व्हय रं?”

हे वाक्य गावात पसरले आणि लोक पुष्कळ हसले. रखमाजींना मात्र आपण पुन्हा त्या हरभऱ्यात शिरलो असे वाटले. चढाच्या मध्यावर उभे राहिलेले बैल त्यांनी पाहिले होते. त्या बैलांना कोणी आळशी म्हटले नव्हते. त्यांची ताकद कुठेही कमी पडली नव्हती.

आपण मुलांना सांगत असतो की कष्टाने यश मिळते, आणि ज्यांना मिळत नाही त्यांच्या बाबतीत कष्टांची मोजदाद नव्याने करून ते अपुरे ठरवतो. आरोहीच्या बाबतीत हा मार्ग बंद होता. तिचे कष्ट साऱ्या गावाने पाहिले होते. ते वाया गेले असेही म्हणता येत नव्हते. तीन वर्षे ती ज्या गोष्टीचा सराव करीत होती, ती गोष्ट तिने जिल्ह्याच्या मैदानावर अचूक करून दाखवली होती: कोणाच्या तरी मागे, न चुकता, न दमता पळत राहणे. परिश्रम आपले काम प्रामाणिकपणे करतात. ते आपण सांगितलेले शिकवीत नाहीत; आपण करवून घेतलेले शिकवतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघे घाटावर गेले. रखमाजींनी मोटारसायकल पायथ्याशी लावली, किल्ली खिशात टाकली आणि तिला पळायला सांगितले. ती चढाच्या मध्यापर्यंत गेली, थांबली आणि वळून पाहू लागली. रखमाजी पायथ्याच्या दगडावर बसून राहिले. तिने थोडे अंतर चालत काढले, पुन्हा पळाली, पुन्हा थांबली. असे पुष्कळ दिवस चालले. जो माणूस आजवर कोणत्याही कामाला मागे हटला नव्हता, त्याला दगडावर नुसते बसून राहणे किती जड गेले, हे निर्मलाताई जाणतात. ते घरी येत तेव्हा घोडीवरून उतरल्यासारखे त्यांचे गुडघे ताठलेले असत. एकदा मुलगी फारच रेंगाळलेली पाहून ते उठले आणि गाडीला किक मारली. मग तशीच चालू गाडी घेऊन उलट्या दिशेने घरी निघून आले. मुलगी मागाहून आली तेव्हा तिच्या अंगावर घाम होता आणि चेहऱ्यावर राग. घाट संपल्यावर ती पलीकडच्या पांदीत, शेतांमधल्या अरुंद वाटेत, उतरून बांगरवाडीच्या रस्त्याला लागली होती, असे तिने सांगितले. कोणी सांगितले होते तिकडे जायला, असे रखमाजींनी विचारले. कोणीच नाही, असे उत्तर मिळाले. त्या दिवशी त्यांनी आईला गुळाचा चहा करायला लावला.

निर्मलाताईंनीही गाईड मिटले, पण ते त्यांना नवऱ्याहून कठीण गेले. नमुना न पाहता सोडवलेल्या पहिल्या चाचणीत आरोहीचे गुण घसरले आणि घरात दोन दिवस अबोला झाला. वृषाली मॅडमनी उत्तरपत्रिका घरी आणून दाखवली. एका अनोळखी उदाहरणाशी मुलीने पानभर झटापट केली होती. वाट चुकीची होती, उत्तर आलेच नव्हते. पण पेन खाली ठेवलेले नव्हते. मॅडमनी त्या पानाला गुण देता येत नाहीत हे सांगितले, आणि तरीही आपण हे पान दाखवायलाच आलो आहोत, असेही सांगितले.

पुढच्या वर्षी आरोही पुन्हा जिल्ह्याला गेली. नियम तोच होता. निघताना तिने वडिलांना सांगितले की कुंपणापाशी उभे राहू नका. रखमाजी सर्वांत मागच्या पायरीवर, माणसांच्या आड बसले.

पहिल्या फेरीतच ती पुढे झाली. पुढे कोणी नसताना ती पळत राहिली. वेग कधी जास्त होत होता, कधी सावरला जात होता, आणि तो कोणी ठरवून दिलेला नव्हता. शेवटच्या फेरीत तीच शिरूरकडची उंच मुलगी मागून आली, वळणावर तिच्या बरोबरीने झाली आणि पुढे निघून गेली. आरोहीने तिला सोडले नाही, पण गाठताही आले नाही. ती दुसरी आली आणि रेषेपलीकडे गवतावर आडवी झाली. या वेळी तिला धड बोलताही येत नव्हते.

रखमाजी खाली उतरून आले आणि तिच्याजवळ उकिडवे बसले. निवड झाली नव्हती. दहावीचे वर्ष होते. असे मैदान पुन्हा मिळेलच असे नव्हते. श्वास परतल्यावर तिने वडिलांकडे पाहिले आणि जुन्या वचनाची आठवण करून दिली.

“तुमी म्हणाला व्हता, न्हाई मिळालं तर मला इचार.”

“जेवढं पळशील तेवढं मिळंल, असं काय न्हाई,” रखमाजी म्हणाले. “मी चुकीचं सांगितलं. ती पोरगी तुझ्यापरास जोरात हाय, आन् तीबी तेवढीच राबली आसंल. पर आज तू कुणाच्या मागं न्हाई पळालीस. ते मी बघितलं.”

मुलीने डोळे मिटून घेतले. तिचे समाधान झाले की नाही, हे मला ठाऊक नाही. अशा उत्तराने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे समाधान व्हावे, अशी अपेक्षाही करू नये. परंतु दहावीला शिक्षक नसताना नापास झाल्याचा दोष ज्या माणसाने आयुष्यभर स्वतःकडे घेतला, त्याने आपल्या मुलीच्या पराभवाचा दोष तिच्याकडे जाऊ दिला नाही. त्यासाठी त्याला आपला सर्वांत जुना विश्वास मोडावा लागला. रखमाजींबद्दल मला जो आदर वाटतो तो या एका कृतीमुळे.

त्यानंतर बंदी उठली. घाटावरचे गवत निघाले, भोंगे परत आले. रखमाजींचे वय घोडीवर बसण्याचे राहिलेले नाही. नव्या पोरांना अंतर कसे राखावे हे ते सांगतात, आणि ते सांगताना त्यांच्या आवाजात पूर्वीचा तोच कणखरपणा येतो. बैलांना घोडी हवीच, याविषयी त्यांचे मत बदललेले नाही.

आरोही आता जुन्नरला महाविद्यालयात शिकते. गणित तिने आपणहून घेतले. त्यात ती फार पुढे आहे असे नाही. पळणे सुटलेले नाही. मात्र पदकांच्या यादीत तिचे नाव शोधून सापडणार नाही.

गेल्या यात्रेला ती घरी आली होती. सकाळपासून घाटावर गर्दी होती आणि रखमाजी मानाच्या खुर्चीवर बसले होते. हौशीराम शेजारी येऊन बसले आणि त्यांनी विचारले, पोरगी आलीय म्हणतात, मग घाटावर कशी दिसत नाही?

“पळाया गेलीय पहाटंच,” रखमाजी म्हणाले.

“कुठल्या रस्त्यानं?”

“ते काय सांगून गेली न्हाई,” रखमाजी म्हणाले, आणि पुढचा गाडा सुटत होता त्याच्याकडे पाहू लागले.